करिंथची पंगत आणि तंजावरचा प्याला

इतिहासाचे साधन म्हणून एखादे जुने पत्र हाती येते, तेव्हा त्यातला उपदेश वाचण्याआधी ते कोणत्या गावाला आणि कोणत्या भांडणामुळे लिहिले गेले हे पाहावे लागते. पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र हे त्याचे चांगले उदाहरण आहे. आमच्या बंगळूरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ऐच्छिक विषयात मी ते धर्मग्रंथ म्हणून नव्हे, तर एका बिघडलेल्या समूहाचा दस्तऐवज म्हणून शिकवतो.

करिंथ शहर रोमन सैन्याने इ.स.पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवले. नव्या वसाहतीत मुक्त झालेले गुलाम पुष्कळ होते. गावाला दोन बाजूंना दोन बंदरे, त्यामुळे व्यापार मोठा. जुन्या घराण्यांचा दबदबा कमी, नवा पैसा भरपूर. अशा ठिकाणी मानपानाची चढाओढ फार. पौल तेथे दीड वर्ष राहिला. हा काळ ठरवता येतो तो डेल्फी येथील एका शिलालेखामुळे. त्यात गल्लियो या रोमन अधिकाऱ्याचा उल्लेख आहे आणि त्यावरून त्याची कारकीर्द इ.स. 51 च्या सुमारास येते. पौलाला याच गल्लियोपुढे उभे केले होते, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. पुढे तीन-चार वर्षांनी पौल इफिस येथे असताना ख्लोवेच्या घरच्या माणसांनी बातमी आणली की मंडळीत तट पडले आहेत. कोणी स्वतःला पौलाचा म्हणवतो, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. मंडळीनेही काही प्रश्न लिहून पाठवले होते. म्हणजे आपल्या हाती संवादाची एकच बाजू आहे, हे विसरू नये.

या पत्रातील प्रेमावरचा तेरावा अध्याय सर्वांना ठाऊक असतो. लग्नातही तो वाचतात. माझ्या मते पत्राची नाडी अकराव्या अध्यायात सापडते. प्रभुभोजन हे तेव्हा खरोखरचे जेवण होते. ते कोणातरी सधन माणसाच्या घरी होई. अभ्यासकांचा तर्क असा की रोमन घरातील भोजनकक्षात नऊ-दहा माणसेच मावत, उरलेली अंगणात. ज्यांना वेळ होता ते लवकर येऊन जेवत. गुलाम आणि मजूर काम उरकून येत तोवर पात्रे रिकामी. एक उपाशी, दुसरा मद्याने तर्र. पहिली पंगत कोणाची, हा प्रश्न आपल्या लग्नघरांना नवा नाही. पौलाचा राग येथे पत्रातील इतर कोणत्याही जागेपेक्षा जास्त आहे: ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता. आणि उपाय अगदी साधा सांगतो, एकमेकांसाठी थांबा.

पुढच्या अध्यायात तो शरीराचा दृष्टान्त देतो. दृष्टान्त जुनाच आहे. लिव्ही या रोमन इतिहासकाराने मेनेनियस अग्रिप्पाची गोष्ट सांगितली आहे: हातपाय पोटाविरुद्ध संप करतात आणि शेवटी स्वतःच अशक्त होतात. तात्पर्य, खालच्यांनी निमूट काम करावे. आपल्या पुरुषसूक्तातही एका देहातून चार वर्ण येतात. पौल मात्र दृष्टान्त फिरवतो. त्याच्या मते जो अवयव दुबळा, त्याचाच मान अधिक राखायचा. पण येथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. याच पत्राच्या सातव्या अध्यायात ज्याने त्याने आपल्या स्थितीत राहावे, असाही सूर आहे, आणि चौदाव्यात स्त्रियांना मंडळीत गप्प बसायला सांगितले आहे.

अशा दुहेरी सुराच्या पत्राचे भारतात काय झाले? याचे उत्तर एका मराठी राज्यात मिळते. शहाजीराजांची जहागीर बंगळूरला होती. त्यांचे पुत्र व्यंकोजी येथूनच तंजावरला गेले आणि तेथे भोसल्यांची गादी स्थापन झाली. त्या गादीवरील सरफोजीराजे (1777–1832) श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढले. राजाने ख्रिस्ती धर्म घेतला नाही, पण गुरूचे संगमरवरी शिल्प चर्चमध्ये बसवून घेतले. श्वार्ट्झचाच दुसरा शिष्य वेदनायक शास्त्री हे वेल्लाळ ख्रिस्ती कवी; राजाशी त्यांचा स्नेह होता.

तंजावरच्या मंडळीत वेल्लाळ एकीकडे बसत, अस्पृश्य मानले गेलेले परैयर दुसरीकडे. प्रभुभोजनाचा प्याला आधी वेल्लाळांकडे जाई. श्वार्ट्झच्या काळी हे चालू दिले गेले. नव्या पिढीच्या मिशनऱ्यांनी ते मोडायला सुरुवात केली, तेव्हा 1829 च्या सुमारास शास्त्रींनी लेखी निषेध केला. त्यांच्या तक्रारी चार: तमिळ बायबलच्या भाषांतरात फेरफार, जातींची सक्तीची सरमिसळ, सणासमारंभात फुलांना बंदी आणि उपासनेतून तमिळ संगीताची हकालपट्टी. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांना पत्र लिहिले की मंडळीतील जातिभेद पूर्णपणे सोडला पाहिजे. परिणामी मद्रासच्या वेपेरीत आणि तंजावरला अनेक वेल्लाळ कुटुंबे मंडळीबाहेर पडली.

वर्गात मी विचारतो, करिंथच्या पत्राप्रमाणे बरोबर कोण? एक विद्यार्थिनी म्हणाली, आठव्या अध्यायात दुबळ्या सदसद्विवेकाला जपायला सांगितले आहे, मग वेल्लाळांना थोडा वेळ द्यायला नको का? प्रश्न चांगला आहे. पण त्या अध्यायात माघार घ्यायची आहे ती समर्थाने. प्याला आधी घेणाऱ्याने स्वतःला दुबळा म्हणवणे मला पटत नाही. मूर्तीला अर्पिलेले मांस न खाल्ल्याने कोणाचा अपमान होत नाही. शेजाऱ्याच्या आधी पिण्याचा आग्रह धरल्याने होतो. तरीही शास्त्रींच्या चार तक्रारी एकाच गाठोड्यात बांधून फेकण्याची मिशनऱ्यांची पद्धत मला चूक वाटते. फुले आणि राग यांनी कोणालाच लाजवले नव्हते. शिवाय पौल विनवणी करतो, त्या समूहात तो स्वतः राबला होता. विल्सन हे राज्यकर्त्यांच्या धर्माचे बिशप होते.

पत्रांनी भांडणे लगेच मिटत नाहीत. इ.स. 96 च्या सुमारास रोमच्या मंडळीने करिंथला पुन्हा एक लांब पत्र लिहिले, क्लेमेंटचे म्हणून ते ओळखले जाते. तेव्हाही तेथे दुफळीच होती. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे कॅथलिकांनी तर चर्चलाच दोन दालने केली होती, वेल्लाळांसाठी एक आणि नाडारांसाठी एक. मधला अडसर 1910 मध्ये पाडला गेला. वेदनायक शास्त्रींची कीर्तने मात्र तमिळ चर्चमध्ये आजही गातात, आणि ती गाताना कोण कोणत्या बाजूला बसले आहे हे आता कोणी विचारत नाही, निदान उघडपणे तरी नाही.