न दिसणाऱ्या किरणांचे शिक्षण

विस्तवाचा चटका बसतो, विजेचा झटका बसतो. क्ष-किरण मात्र शरीरातून जात असताना काहीच जाणवत नाही. किरणोपचार तंत्रज्ञाला स्वतंत्र शिक्षण का लागते, याचे उत्तर येथेच आहे.

नोव्हेंबर १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि लवकरच ते रोगांवर वापरले जाऊ लागले. पण मात्रा मोजायची कशी? त्वचा किती लाल झाली, हेच सुरुवातीचे माप! यंत्र नीट चालते का, हे पाहायला अनेकजण आपलाच हात किरणांसमोर धरत. १९०१ मध्ये बेक्रेलने रेडियमची नळी खिशात बाळगली आणि त्याची त्वचा भाजली. या किरणांमुळे प्राण गमावलेल्यांचे स्मारक हॅम्बुर्ग येथे १९३६ मध्ये उभे राहिले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती. दरम्यान १९२८ मध्ये 'राँटगेन' हे एकक आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले. आता मात्रा मोजता येऊ लागली, म्हणून ती शिकवताही येऊ लागली.

महाराष्ट्रात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले. त्याच वर्षी ट्रॉम्बे येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने किरणोपचारासाठी लागणाऱ्या भौतिकशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम सुरू झाला. रुग्णालय आणि अणुविज्ञान असे एकमेकांजवळ आले.

या शिक्षणातले एक गणित वर्गातही करून पाहण्याजोगे आहे. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे. आज जी मात्रा द्यायला २ मिनिटे लागतात, तिला सव्वापाच वर्षांनी सुमारे ४ मिनिटे लागतील. स्रोत महिन्याला साधारण १ टक्का क्षीण होतो. वेळ न बदलल्यास रुग्णाला मात्रा कमी पडेल, गाठ उरेल. आणि हे कुणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही.

पुण्यात असो वा मुंबईत, तंत्रज्ञ रुग्णाला रोज नेमक्या त्याच स्थितीत झोपवतो, जाड भिंतीबाहेर येतो आणि कॅमेऱ्यातून त्याच्याकडे पाहत राहतो. अनेक रुग्णांच्या बाबतीत हे पाच-सहा आठवडे चालते. त्याच्या छातीवरचा बिल्ला त्याला स्वतःला मिळालेली मात्रा नोंदवत असतो. विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलांना हा व्यवसाय सांगताना अर्धायुकालाचे ते गणित जरूर करून घ्यावे.