गिरणीतला शिकारी, दिवाणखान्यातला लाडका : यॉर्कशायर टेरियर

१/ रेशमी केस, डोक्यावर रिबीन, वजन जेमतेम ३ किलो. यॉर्कशायर टेरियर पाहिला की तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठीच जन्मला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात ही जात घडली ती इंग्लंडमधील कामगारांच्या वस्त्यांत.

२/ १९व्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमधील अनेक विणकर रोजगारासाठी यॉर्कशायर आणि लँकेशायरमधील कापडगिरण्यांकडे आले. सोबत त्यांचे छोटे टेरियरही आले. स्थानिक कुत्र्यांशी त्यांचा संकर होऊन ही नवी जात आकारास आली.

३/ ‘टेरियर’ या शब्दाच्या मुळाशी ‘भूमी’ या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बिळात शिरून शिकार करणारा तो टेरियर. गिरण्यांत आणि घरांत उंदीर मारणे हे या कुत्र्याचे काम होते. बिळाच्या अंधारात धन्याची आज्ञा पोहोचत नाही. निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. टेरियरचा धीटपणा आणि हट्ट या कामातून आला आहे.

४/ १८३५च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अस्वले व बैल यांच्यावर कुत्रे सोडण्याच्या खेळांना बंदी घातली. उंदीर मारण्याच्या शर्यती मात्र चालूच राहिल्या. १८६५मध्ये जन्मलेला ‘हडर्सफील्ड बेन’ अशा शर्यतींत जिंके आणि श्वानप्रदर्शनांतही बक्षिसे मिळवी. १८७१मध्ये तो घोडागाडीखाली सापडून मेला. तोवर त्याच्या वंशाने या जातीचा पाया घातला होता.

५/ पुढे प्रदर्शनांचे महत्त्व वाढले. आकार घटला, केस लांबले. रूप पालटले, तरी वृत्ती कायम राहिली.

६/ तिचा पुरावा दुसऱ्या महायुद्धात मिळाला. १९४४मध्ये न्यू गिनीच्या जंगलात सापडलेली ‘स्मोकी’ ही यॉर्कशायर कुत्री अमेरिकी सैनिक बिल विन याच्याकडे आली. वजन २ किलोंहूनही कमी. फिलिपिन्समधील लिंगायेन येथे धावपट्टीखालून तारा न्यायच्या होत्या. सुमारे ७० फूट लांब आणि ८ इंच रुंद नळ, त्यातही जागोजागी माती साचलेली. गळ्याला दोरी बांधलेली स्मोकी विनच्या हाकेमागे त्यातून पार गेली. धावपट्टी खोदण्याचे काम टळले.

७/ हा इतिहास ठाऊक असला की निगाही नीट राखता येते. या जातीच्या अंगावर थंडीपासून जपणारी आतली लव नसते. म्हणून ऊब आणि रोजचे विंचरणे आवश्यक. श्वासनलिका नाजूक असते. म्हणून गळपट्ट्याऐवजी छातीवरचा पट्टा बरा. दात लवकर खराब होतात. लहान पिल्ले फार काळ उपाशी राहिली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

८/ मात्र केवळ शरीर जपून भागत नाही. दिवसभर मांडीवर ठेवलेला, शिस्त न लावलेला यॉर्की प्रत्येक आवाजावर भुंकतो आणि लोक त्याला चिडका ठरवतात. त्याला फिरणे, हुंगणे, शोधण्याचे खेळ आणि लहानपणापासून ठाम, प्रेमळ शिकवण हवी. त्याचे पूर्वज कामकरी होते. रिबीन त्याच्या डोक्यावर फार उशिरा आली.