वाळा की गुलाब? उन्हाळ्यातील दोन सुगंधांचा इतिहास

१/ भोर-वेल्हे म्हटले की राजगड, तोरणा आणि पंतसचिवांचा वाडा आठवतो. आज गडकोट बाजूला ठेवून एक निराळा प्रश्न पाहू : चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात आपल्या पूर्वजांनी कोणता सुगंध पसंत केला, वाळा की गुलाब?

२/ वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळे, संस्कृतात 'उशीर'. कालिदासाच्या 'शाकुंतला'त तिसऱ्या अंकाच्या आरंभी शकुंतलेचा दाह शमावा म्हणून उशीराचा लेप नेला जातो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'आईन-ए-अकबरी'त अबुल फजल वाळ्याने भरलेल्या, पाणी शिंपडून गार केलेल्या खोल्यांचे वर्णन करतो.

३/ गुलाबाचे अत्तर त्यामानाने अलीकडचे. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याचे श्रेय नूरजहानच्या आईला देतो. १ किलो तेलासाठी साधारण ३ ते ५ हजार किलो फुले लागतात. त्यामुळे सामान्य घरांत पोहोचले ते गुलाबपाणी.

४/ मराठी दरबारांत अत्तर-गुलाब आणि पानविडा देणे हा पाहुण्याला सन्मानाने निरोप देण्याचा शिष्टाचार होता. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवात तोच घराघरांत आला : मनगटाला अत्तराचे बोट, अंगावर गुलाबदाणीतले चार थेंब, मग पन्हे आणि आंब्याची डाळ.

५/ वाळ्याचे काम वेगळे. त्याचे तेल जड, सावकाश उडणारे. म्हणून त्याचा गंध रेंगाळतो. गुलाबपाण्याचा गंध क्षणात विरतो. गुलाब पाहुण्याच्या अंगावर शिंपडला गेला. वाळ्याची जुडी मात्र माठात आणि पडदा खिडकीत, ऋतू संपेपर्यंत राहिला.

६/ वाळ्याचा ओला पडदा खोली गार करतो, कारण पाणी वाफ होताना हवेतील उष्णता शोषून घेते. त्यासाठी हवा कोरडी हवी. मृग लागून वेल्ह्याच्या खोऱ्यात धुके उतरले की पडदा निरुपयोगी. आणि उन्हाळ्यात तो दिवसभर ओला ठेवायला कोणीतरी लागेच. आत बसलेल्यांची नावे बखरींत आहेत. बाहेर उभे राहून पाणी मारणाऱ्यांची नाहीत.

७/ या विद्येचा धागा मराठीतही आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी १९४० च्या दशकात 'गंधसार' आणि 'गंधवाद' हे सुगंधशास्त्रावरील ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले. 'गंधवादा'वर मराठी टीका आहे. म्हणजे अत्तराचे ज्ञान केवळ फारसी दरबारापुरते नव्हते.

८/ तेव्हा निवड कोणाची? क्षणाच्या आदरासाठी गुलाब, दुपार निभावण्यासाठी वाळा. माझे मत वाळ्याला : माठात घालण्यापुरती जुडी घ्यायला दरबार लागत नाही. जुन्या वाड्यात वा संग्रहालयात चांदीची गुलाबदाणी पाहाल तेव्हा ती कोण भरत असे, हेही विचारा. तुमच्या घरी माठात अजून वाळा घालतात का? आजीला विचारून खाली लिहा.