खाटेशेजारची सोनोग्राफी : फिजिशियनच्या हाती आलेली विद्या

धाप लागलेला रुग्ण रात्री वॉर्डात येतो, तेव्हा फिजिशियनला एकाच गोष्टीचे उत्तर लगेच हवे असते : हृदय कमी पडते आहे, न्यूमोनिया आहे, की फुप्फुसाभोवती पाणी साठले आहे? प्रत्येकाचे उपचार वेगळे, आणि एकाला दिलेले सलाईन दुसऱ्याला घातक. खाटेशेजारच्या सोनोग्राफीच्या विद्येचा जन्म अशाच खोळंबलेल्या निर्णयांतून झाला आहे, म्हणून ती फिजिशियनची आहे.

फुप्फुसात हवा असते, हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत, सबब फुप्फुसाची सोनोग्राफी होत नाही, अशी वैद्यकाची दीर्घकाळ समजूत होती. फ्रान्समधील अतिदक्षतातज्ज्ञ डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी ती मोडली. हवेमुळे पडद्यावर उमटणाऱ्या खोट्या रेषाच त्यांनी वाचायला घेतल्या आणि २००८ साली तीव्र श्वसनविकारांच्या निदानाची ‘ब्लू’ पद्धत मांडली. छातीवर प्रोब ठेवला की दोन बरगड्यांच्या मध्ये एक चकचकीत रेघ दिसते आणि श्वासाबरोबर ती सरकते. फुप्फुसात पाणी झिरपले की त्या रेघेतून झोतासारखे उभे पट्टे पडद्याच्या तळापर्यंत उतरतात. हे ओळखायला नवशिक्या निवासी डॉक्टरलाही फार दिवस लागत नाहीत.

मग प्रगत प्रशिक्षण कशासाठी? एकच चिन्ह फसवते म्हणून. आयव्हीसी, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी नीला, फुगलेली दिसली म्हणजे शरीरात द्रव जास्त झाला, असे सरसकट म्हणता येत नाही. २०२० मध्ये मांडलेल्या ‘व्हेक्सस’ पद्धतीत आयव्हीसीबरोबर यकृतातील नीला, पोर्टल नीला आणि मूत्रपिंडातील नीला यांचा डॉप्लर पाहतात, आणि अवयवांत रक्त किती तुंबले आहे याचा अंदाज बांधतात. डेंग्यूत पित्ताशयाची भिंत जाड दिसते, तेव्हा सर्जनला बोलावण्याआधी प्लाझ्मा गळतीचा विचार करावा लागतो. क्षयाच्या संशयात हृदयावरणातले पाणी, पोटातल्या गाठी आणि प्लीहेतले बारीक ठिपके शोधायचे असतात. दिसलेले रुग्णाच्या गोष्टीशी जुळवणे हे यातले खरे कसब आहे. एका दिवसाच्या कार्यशाळेत ते येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या कोल्हापुरात हे शिकताना आणखी एक गोष्ट माहीत असलीच पाहिजे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या. याच यंत्राच्या गैरवापराचा तो परिणाम होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना इथल्या सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचे, तपासण्यांची नोंद ठेवणारे उपकरण जोडले गेले, आणि त्याची चर्चा देशभर झाली. कायद्याने बंधनकारक असलेली यंत्राची नोंदणी, ते कोण वापरणार याची नोंद, नोंदणीकृत जागेबाहेर ते न नेणे, गर्भवतीची तपासणी केल्यास एफ फॉर्म भरणे, या गोष्टींचा काहींना जाच वाटतो. मला तसे वाटत नाही. खिशात मावणारा प्रोब आता बाजारात मिळतो, आणि ज्या जिल्ह्याने ही किंमत मोजली त्याने यंत्रावर नजर ठेवणे रास्तच आहे. कायदा हा या प्रशिक्षणातला पहिला पाठ असावा, शेवटच्या तासाला उरकण्याचा विषय नव्हे.

रेडिओलॉजिस्टची जागा घेण्यासाठी ही विद्या नाही. त्यांची तपासणी सविस्तर असते. आपली एका प्रश्नापुरती, पण रात्री दोन वाजता आणि उपचारानंतर तासाभराने पुन्हा करता येणारी.

तेव्हा या विषयात येणाऱ्या प्रत्येक तरुण फिजिशियनचे मनापासून स्वागत. विनंती एवढीच : आधी छाती नीट ऐका, मग प्रोब हातात घ्या. सुरुवातीचे सगळे स्कॅन साठवून जाणत्यांकडून तपासून घ्या, आणि केसपेपरवर दिसले तेवढेच लिहा.