अक्षर मावेल एवढी जागा

गेल्या सुट्टीत माझा भाचा घरी आला तो एक कागद घेऊनच. कागदावर दोन रकाने आणि त्यांत दोन ग्राफिक्स कार्डांचे आकडे समोरासमोर मांडलेले. ‘मामू, यातलं कुठलं घेऊ?’ मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कवी. मला काय विचारतोस, म्हटलं. तर म्हणाला, ‘अम्मी सांगते, तुम्ही पूर्वी कॉम्प्युटरवर कामाला होता.’ ते खरं आहे. पूर्वी म्हणजे १९९३ साली.

डाव्या रकान्यात एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ३०६० होतं, २०२१ साली आलेलं. उजवीकडे त्याचंच धाकटं भावंड ४०६०, २०२३ सालचं. नवं ते चांगलं, असं आपण धरून चालतो. पण जुन्याची मेमरी १२ जीबी आणि नव्याची ८. मेमरीकडे जाणारा रस्ता जुन्यात १९२ बिट रुंद, नव्यात १२८. हिशेब करणारे छोटे कारागीर, ज्यांना कोअर म्हणतात, ते जुन्यात ३,५८४ आणि नव्यात ३,०७२. मग नव्यात आहे काय? खाली पाहिलं. नव्याचा वेग जास्त, वीज १७० ऐवजी ११५ वॉट, आणि चिपच्या अंगावरच असलेली कॅश नावाची साठवण ३ एमबीवरून थेट २४ एमबी. पिठाचा डबा ओट्यावरच असला की दर पोळीला कोठीच्या खोलीत जावं लागत नाही, तसं हे. त्यामुळं अरुंद रस्त्याचं नवं कार्ड बहुतेक खेळांत जुन्याच्या पुढे जातं.

म्हणजे एकेक आकडा सुटा वाचून काही कळत नाही. तुम्हाला काय मावायला हवं आहे, हे आधी ठरवावं लागतं. ही गोष्ट मला फार आधी शिकायला मिळाली होती.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्याच्यासोबत पडद्यासाठी दोन कार्डं होती. रंगीत कार्डाची मेमरी १६ केबी. दुसरं फक्त मजकुराचं, एकरंगी, त्याला एमडीए म्हणत. मेमरी ४ केबी. तेवढी पुरे, कारण पडद्यावर आडवी ८० आणि उभी २५ अशी दोन हजार घरं, आणि दर घराला दोन बाइट. एका घरात एक अक्षर. घर ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच. अक्षरांचे साचे कार्डातच पक्के कोरलेले, एकूण २५६. इंग्रजीचा संसार त्यात सुखानं चालला. पण वेलांटी, उकार, रफार, जोडाक्षर यांना त्या घरात दार नव्हतं. एखादा ठिपका आपल्या मनानं उजळावा, तर एमडीएमध्ये ती सोयच नव्हती.

हीच अडचण थाई भाषेची. तिच्यातही स्वर अक्षराच्या वर-खाली बसतात. व्हॅन सुवन्नुकुल या थाई गृहस्थांना अमेरिकेत आपला प्रबंध मायबोलीत लिहायचा होता, आणि त्या गरजेतून १९८२ साली हर्क्युलिस कार्ड जन्माला आलं, असं सांगतात. ७२० गुणिले ३४८ ठिपके, आणि प्रत्येक ठिपका स्वतंत्र. असा एक पडदा साठवायला एकतीस-एक केबी लागतात. कार्डात ६४ केबी होते, म्हणजे दोन पानं मावत. हे कार्ड पुढे जगभर खपलं ते आलेखांसाठी, हिशेबाच्या तक्त्यांसाठी. त्याच्या मुळाशी एका माणसाची लिपी होती, हे कुठल्या आकड्यात दिसत नाही.

आपल्याकडे आयआयटी कानपूरमध्ये याच काळात देवनागरीवर काम सुरू होतं. मोहन तांबे त्यातले प्रमुख. पुढे १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम तिथं आलं. त्यातूनच जिस्ट कार्ड घरोघर नाही, पण कचेऱ्यांत पोहोचलं. संगणकात बसवायचं आणि डॉसवर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममध्येही मराठी दिसू लागायची. १९९१ साली इस्की हे मानकही ठरलं. त्यात ब्राह्मीच्या भारतातल्या प्रमुख लेकी एका छताखाली आल्या. माझ्या वालिदांची उर्दू मात्र त्यात नव्हती. तिच्या लिपीची सोय वेगळी करावी लागली.

मी १९९३ साली एका कचेरीत नावांच्या याद्या भरत होतो. जिस्ट आमच्याकडे नव्हतं. हिरव्या पडद्यावर सगळी गावं, सगळी माणसं रोमन लिपीत. काळे, काले, कळे या तिघांचं स्पेलिंग एकच. एकदा यादी वाचणाऱ्यानं ‘काले’ असा पुकारा केला. बाकावर बसलेले म्हातारे काळे उठले नाहीत. त्यांना वाटलं, दुसरं कुणी. त्यांचा नंबर गेला, आणि ते दहा कोस आले तसे परत गेले. यादी मी टाइप केली होती. काही महिन्यांनी दुसऱ्या एका कचेरीत जिस्ट कार्ड बसवलेल्या पडद्यावर ‘काळे’ हा शब्द पाहिला, ‘ळ’सकट. मी बराच वेळ तिथून हललो नाही.

नंतरचे आकडे माझ्यापुढून भराभर गेले. १९८७ चं व्हीजीए, २५६ केबी. १९९६ चं व्हूडू, ४ एमबी, फक्त त्रिमितीसाठी. १९९९ चं जीफोर्स २५६, जिथपासून कंपनीनं जीपीयू हा शब्द रुजवला. २०२५ सालच्या आरटीएक्स ५०९० वर ३२ जीबी मेमरी आहे. हर्क्युलिसच्या सव्वापाच लाख पट! नुसता चांगला मोठा पडदा भरायचा तर त्यातला हजारावा भागही पुष्कळ झाला. बाकीची जागा चित्राच्या सामानाला, आणि आता भाषेच्या मॉडेलांना लागते. २०१२ साली चित्रं ओळखणारं अ‍ॅलेक्सनेट गाजलं, तेव्हा ते ३ जीबीच्या एका कार्डात मावेना म्हणून दोन कार्डांवर वाटून टाकलं होतं.

‘तुला कशाला हवंय?’ मी भाच्याला विचारलं.

‘मराठीचं एक मॉडेल घरी चालवून बघायचंय.’

‘किती जागा घेतं?’

‘दहा जीबी, थोडं वरच.’

‘मग बारावालं घे.’

‘पण मामू, ते जुनं आहे.’

मी कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर ९ गुणिले १४ चौकोनांचं घर आखलं आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. यात ‘स्त्री’ लिही म्हटलं. अर्धा ‘स’ नीट जमला. त्याला ‘त्र’ चिकटवता चिकटवता तो उजव्या कडेला येऊन टेकला. खोडलं, पुन्हा भरलं. वेलांटी अजून बाकीच होती.

‘मामू,’ तो म्हणाला, ‘डॉट संपले.’