भायखळ्याच्या बैठकीतले दोन डॉक्टर

अबू धाबीच्या सादियात बेटावर नोव्हेंबर २०२५ मध्ये निसर्गेतिहासाचे भव्य संग्रहालय उघडले, आणि आमच्या इंटरनॅशनल सिटीतल्या मुलांना सुट्टीचे नवे ठिकाण मिळाले. तिथला 'स्टॅन' हा टायरॅनोसॉरस २०२० साली न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी १८ लाख डॉलरना विकला गेला होता. मुलांना असले आकडे पाठ असतात. आपण मात्र लहानपणी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये काचेआडचे वाघ-पक्षी पाहिले, आणि ते तिथवर कसे पोहोचले हे कधी विचारलेच नाही.

ती हकीकत १५ सप्टेंबर १८८३ पासून सुरू होते. त्या दिवशी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ गृहस्थ जमले आणि 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन झाली. महिन्यातून एकदा भेटावे, सापडलेले नमुने दाखवावेत, टिपणे वाचावीत, एवढाच बेत. ही साहेबांची शिकारीतून निघालेली हौस, असा सर्वसाधारण समज आहे. पण आठांतले दोघे आपले होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

मराठी वाचकाला ही नावे निराळ्याच कारणाने परिचित आहेत. आत्माराम पांडुरंग हे व्याकरणकार दादोबांचे बंधू आणि १८६७ च्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. सखाराम अर्जुन हे रखमाबाईंचे सावत्र वडील. नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या मुलीच्या पाठीशी ते उभे राहिले. आपल्या इतिहासलेखकांनी दोघांना समाजसुधारकांच्या रांगेत बसवले, ते योग्यच. पण त्यांच्यातला निसर्गाचा अभ्यासक त्या रांगेत हरवला. वास्तविक त्या काळच्या डॉक्टरला वनस्पती ओळखाव्याच लागत, कारण औषधे त्यांचीच बनत. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या बाजारातल्या औषधींची सूची १८७९ साली प्रसिद्ध केली होती. कोणती मुळी कुठे मिळते, तिला लोक काय म्हणतात, हे ज्ञान त्यांनी बैठकीत सोबत आणले. १८८५ मध्ये ते वारले. पुढच्या वर्षी सोसायटीचे नियतकालिक सुरू झाले, ते त्यांना पाहता आले नाही.

संग्रह भराभर वाढला. फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने आपल्या फोर्ब्स स्ट्रीटवरील दुकानात त्याला जागा दिली. (विज्ञानाला असाही आश्रय मिळतो!) नमुना सांभाळण्याइतकेच त्याला चिठ्ठी लावणे महत्त्वाचे: कुठे, केव्हा, कोणाला मिळाला. आम्हा संगणकवाल्यांना हे सांगायला नको. चिठ्ठी हरवली की उरते नुसते कातडे.

१९०८ च्या सुमारास खेतवाडीतला एक मुलगा छऱ्याच्या बंदुकीने मारलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी घेऊन सोसायटीत आला. सचिव मिलार्ड यांनी ती ओळखलीच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. मुलाचे नाव सालिम अली. १९२६ साली ते प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागात मार्गदर्शक व्याख्याते झाले. सोसायटीच्या मदतीने उभा राहिलेला हा विभाग म्हणजेच आपण पाहिलेली ती काचेआडची दालने.

त्या चिमणीला मराठीत रानचिमणी म्हणतात. त्यांतल्या काही हिवाळा हिंदुस्थानात काढतात, आणि वसंतात समुद्र ओलांडून विणीसाठी अमिरातीत येतात. इथल्या झाडांच्या ढोल्यांत तिची घरटी असतात.