वाहनाचे नामनिर्देशन

वाहनाचे नामनिर्देशन म्हणजे मोटार वाहनाच्या मालकाने आपल्या मृत्यूनंतर वाहनाची नोंदणी कोणाच्या नावे व्हावी, हे नोंदणी प्रमाणपत्रात आगाऊ नमूद करून ठेवणे. भारतात ही सोय केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीने उपलब्ध झाली. बँक खाते, आयुर्विमा व भविष्य निर्वाह निधी यांना नॉमिनी लावण्याची पद्धत त्याआधीपासून रूढ होती. वाहनाच्या बाबतीत मात्र वारसांना मालकाच्या मृत्यूनंतरच कागदपत्रांची जुळवाजुळव करावी लागत असे. नामनिर्देशनामुळे नोंदणीचे हस्तांतरण सुलभ होते. वाहनाच्या मालकीचा प्रश्न त्याने सुटतोच असे नाही.

कार्यपद्धती

नवीन वाहनाच्या नोंदणीच्या वेळी, किंवा नंतर ऑनलाइन अर्ज करून, मालक नामनिर्देशित व्यक्तीचे नाव नोंदवू शकतो. त्यासाठी त्या व्यक्तीच्या ओळखीचा पुरावा द्यावा लागतो. घटस्फोट किंवा मालमत्तेची वाटणी अशा कारणांनी हे नाव पुढे बदलता येते.

मालकाच्या मृत्यूनंतरची मुदत नियम 56 मध्ये दिलेली आहे. नामनिर्देशित व्यक्तीने, किंवा नामनिर्देशन नसल्यास वाहनाचा ताबा मिळालेल्या वारसाने, 30 दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास मृत्यूची व वाहन वापरण्याच्या आपल्या इराद्याची माहिती द्यावयाची असते. तसे केल्यास मृत्यूच्या दिनांकापासून तीन महिने वाहन वापरता येते. याच तीन महिन्यांत नमुना 31 मध्ये हस्तांतरणाचा अर्ज करावा लागतो. व्यावसायिक परवान्याबाबतही मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 82 मध्ये 30 दिवस व तीन महिने अशीच मुदत आहे. परंतु परवान्याचा अर्ज वेगळा करावा लागतो, आणि ही बाब बहुधा विसरली जाते.

कागल परिसरातील संदर्भ

कोल्हापूर जिल्ह्यातील कागल तालुक्यातील वाहने कोल्हापूर प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या एमएच-09 या मालिकेत नोंदली जातात. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात ट्रॅक्टर व ट्रॉली ही शेतीइतकीच ऊस वाहतुकीचीही साधने आहेत. ऊस वाहतुकीवर अवलंबून असलेल्या कुटुंबातील मालकाचा मृत्यू गळीत हंगामाच्या तोंडावर झाला, तर नियमातील तीन महिने म्हणजे त्या वर्षाच्या कमाईचा मोठा भाग असतो. वाहन त्या काळात दारात उभे राहिले तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. नामनिर्देशन केलेले असेल, तर मृत्यूचा दाखला जोडून हस्तांतरणाचा अर्ज लगेच करता येतो. ते नसल्यास वारसांचा पुरावा, इतर वारसांची संमती आणि वाद असल्यास दिवाणी न्यायालयाचा आदेश इथपर्यंत प्रकरण जाऊ शकते. वारस दाखल्यासाठी महाराष्ट्रात आजही 1827 च्या मुंबई विनियम 8 चा आधार घेतला जातो.

वाहनावर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असल्यास नामनिर्देशनाने तो उतरत नाही. वित्तपुरवठादाराच्या संमतीशिवाय हस्तांतरणाची नोंद होत नाही, असे अधिनियमाचे कलम 51 सांगते. कागल कर्नाटक सीमेला लागून असल्याने आणखी एक अडचण संभवते. नामनिर्देशित मुलगी विवाहानंतर निपाणीस राहत असेल आणि वाहन तिकडे कायम ठेवणार असेल, तर मूळ नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र व कर्नाटकातील नवी नोंदणी या बाबी निराळ्या कराव्या लागतात.

प्रोबेटशी संबंध

अमेरिकेतील कॅलिफोर्निया, मिसूरी, ओहायो इत्यादी राज्यांत वाहनाच्या मालकीपत्रावर लाभार्थीचे नाव लिहिता येते. तेथे अशा नोंदीचा मुख्य हेतू प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची प्रक्रिया, टाळणे हा असतो आणि मृत्यूनंतर वाहनाची मालकीच लाभार्थीकडे जाते. ही तुलना भारतात जशीच्या तशी लागू करता येत नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 213 नुसार हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची सक्ती प्रामुख्याने मुंबई, कोलकाता व चेन्नई या महानगरांपुरती होती. 2025 मध्ये ते कलमच वगळण्यात आले. केवळ कागलमधील मालमत्तेविषयी कागलमध्येच केलेल्या हिंदू व्यक्तीच्या मृत्युपत्रास ही सक्ती कधीच नव्हती. त्यामुळे येथे नामनिर्देशनाने वाचतो तो मुख्यतः वेळ.

नॉमिनी आणि वारस

नॉमिनी हा मालक की केवळ विश्वस्त, हा वाद भारतीय न्यायालयांत जुना आहे. सर्बती देवी विरुद्ध उषा देवी (1984) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आयुर्विम्याचा नॉमिनी ही रक्कम स्वीकारणारी व्यक्ती असून रकमेवर हक्क वारसांचा असतो, असे ठरवले. शेअर्सच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने 2010 च्या कोकाटे प्रकरणात उलट मत दिले होते. ते 2016 मध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने अमान्य केले. हा खटला साळगावकर कुटुंबातील होता, आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निष्कर्ष कायम केला.

वाहनासंबंधीचा नियम मोटार वाहन अधिनियमाखाली केलेला आहे. या अधिनियमाचा विषय वाहनांची नोंदणी व नियंत्रण हा असून वारसाहक्क ठरवणे हा नाही. म्हणून वर उल्लेखिलेले तत्त्व येथेही लागू धरणे सयुक्तिक ठरते. मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली व आई यांना समान वाटा मिळतो. ट्रॅक्टरला थोरल्या मुलाचे नामनिर्देशन केले, म्हणून त्याच्या बहिणींचा किंवा आजीचा वाटा नाहीसा होत नाही. कागदावर एकाचेच नाव चढल्याने तो वाटा मागणे मात्र त्यांना अवघड जाते. दुसऱ्या बाजूने, अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार (2018) या निकालात सांगितले आहे. त्यामुळे वाहनात वाटा अनेकांचा आणि अपघाताचे दायित्व एकाचे, अशी स्थिती उद्भवू शकते. वाहन विशिष्ट व्यक्तीलाच द्यावयाचे असल्यास मृत्युपत्रात तसा स्पष्ट उल्लेख करणे हाच खात्रीचा मार्ग होय. नामनिर्देशन त्याला पूरक ठरते.

विम्यातील नामनिर्देशन

वाहन विम्यातील मालक-चालकाच्या 15 लाख रुपयांच्या वैयक्तिक अपघात संरक्षणासाठीही नॉमिनीचे नाव द्यावे लागते. हे नामनिर्देशन नोंदणी प्रमाणपत्रातील नामनिर्देशनापेक्षा वेगळे असून एक केल्याने दुसरे होत नाही. वाहनाची विमा पॉलिसी मालकाच्या मृत्यूबरोबर लगेच संपुष्टात येत नाही. ती मृत्यूपासून तीन महिने किंवा मूळ मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, चालू राहते. त्या अवधीत ती नव्या मालकाच्या नावे करून घ्यावी लागते किंवा नवी पॉलिसी घ्यावी लागते.